मेंढरं बसली आणि वासरं मेली

जनावरांच्या दवाखान्यात मी उभा जन्म काढला, पण जनावरांबद्दल माझी काही तक्रार नाही. एखादी लाथ, एखादं शिंग, तेवढं चालायचंच. जनावर आजारी पडतं, बरं होतं किंवा मरतं, आणि ते का झालं याबद्दल चकार शब्द काढत नाही. कारण सांगायचं काम त्याचा मालक करतो. मालकाला कारण नेहमी ठाऊक असतं. "माझा बैल कशानं मेला ते मला कळलं नाही" असं म्हणणारा माणूस सगळ्या नोकरीत मला भेटला नाही. असं म्हणणारा फक्त मी होतो, आणि त्याचाच मला सरकार पगार देत होतं.

मी डॉक्टर नव्हे. डॉक्टर परभणीला असत आणि त्यांच्या खुर्चीला हात असत. आम्ही त्यांच्या हाताखालचे टोचणीवाले, सेलूच्या बाजूच्या खेड्यांतून सायकलला लशीची पेटी बांधून हिंडणारे. मी नोकरीला लागलो तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच जाऊन हैदराबाद राज्य भारतात आलं होतं. छप्पन साली आम्ही हैदराबादचेही उरलो नाही, मुंबई राज्यात गेलो. खेड्यातल्या म्हाताऱ्यांनी यातल्या कशाचीच दखल घेतली नाही. त्यांच्या लेखी मी शेवटपर्यंत सलोत्रीच राहिलो. गुराढोरांच्या वैद्याला ते जुन्या अमलापासून हेच म्हणत.

आमच्या धंद्याची एक गंमत बाहेरच्यांना सांगायला हवी. गुरं धडधाकट असताना आम्हाला कुणी बोलवत नाही. दोन-चार जनावरं मेली, अंगारा झाला, नवस झाला, शेजारणीवर संशय घेऊन झाला, की मग दवाखान्यात निरोप येतो. आम्ही सायकल दामटत पोचतो, उरलेल्यांना लस टोचतो. त्यांतल्या काहींच्या अंगात रोग आधीच शिरलेला असतो; ती दुसऱ्या दिवशी मरतात. म्हणजे गावानं काय पाहिलं? सलोत्री आला, त्यानं सुई मारली, जनावर मेलं. पेडगावच्या एका आजीबाई तर माझी सायकल दिसली की म्हशीला घरात घेऊन कडी लावायच्या. तेराव्याला भटजी घरी येतो, म्हणून भटजीनंच माणूस मारला असं कुणी म्हणत नाही. ही सवलत आम्हाला नव्हती.

आजीबाईंना हसू नका. मुंबई राज्य आल्यावर आमच्याकडे एक नवे साहेब आले, चांगले पुण्याला शिकलेले. त्यांनी आल्या आल्या सगळ्या दवाखान्यांची माहिती मागवली आणि एक शोध लावला. ज्या भागात लस जास्त खर्च होते, त्याच भागात जनावरंही जास्त मरतात. रोग असतो तिथेच लस जाते, हे त्यांना कुणी सांगायचं? मी सांगितलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या खेपेला माझी लस निम्मी केली. आजीबाई निदान म्हशीला कडी लावून थांबायच्या.

पुढे मला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका मास्तरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले: सहसंबंध आणि कार्यकारण. दोन गोष्टी जोडीनं चालतात म्हणजे एक दुसरीला चालवतेच असं नाही, दोघींना चालवणारी तिसरीच कुणी असू शकते, एवढा साधा अर्थ. वर्गातल्या सगळ्यांनी तो उतरवून घेतला. मी नुसता बसून होतो. मला तो धडा आधीच एका पारावर मिळाला होता, आणि त्याची फी दुसऱ्याच कुणीतरी भरली होती.

ते गाव वालूरच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या एका घरात पुढे आमची सोयरीक झाली आणि दिवाळीचा फराळ अजून येतो.

आमच्याकडे उन्हाळा संपता संपता शेतात मेंढरं बसवायची चाल आहे. धनगर आपला कळप घेऊन येतो, नांगरलेल्या रानात जाळीची वाघूर लावून रात्री मेंढरं कोंडतो, आणि रोज जागा बदलत सगळं रान लेंडी-मुतानं खतवून देतो. पेरणीला याच्यासारखं खत नाही. बदल्यात शेतकरी ज्वारी मोजून देतो, आणि त्या ज्वारीवर धनगराच्या घरची चूल बरेच महिने पेटते. या गावाला भिवा धनगर यायचा. त्याचा बापही तिथेच येत असे. भिवा माझ्यापेक्षा बराच मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. तो कमी बोलायचा. त्याच्या वाट्याचं बोलणं त्याची बायको कोंडाबाई बोलून टाकायची, आणि ज्वारी मोजताना मापावर हात फिरवून वरचं धान्य पाडणारा शेतकरी तिच्या तोंडून सुटत नसे.

तर एका साली मेंढरं बसली, उठली, पाऊस लागला आणि गावात फऱ्या आला. फऱ्या म्हणजे तरण्या जनावरांचा काळ. सकाळी उड्या मारणारं गोऱ्हं दुपारी लंगडायला लागतं, मांडी सुजते, सुजेवर हात दाबला की आत चरचर वाजतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला ओढून न्यावं लागतं. याचा जंतू मातीत वर्षानुवर्षं पडून असतो आणि पावसाळ्यात डोकं वर काढतो. मेंढराचा आणि त्याचा संबंध एवढाच, की मेंढरं पावसाच्या तोंडावर उठतात आणि तो पावसाबरोबर येतो. पुढच्या साली पुन्हा तेच झालं. त्या खेपेला पोलीस पाटील माणिकरावांचं लालकंधारी गोऱ्हं गेलं, ज्याला ते पोटच्या पोरासारखं पेंड चारत होते. मग पारावर बैठक बसली. भिवाला माळावरून बोलावून आणलं, आणि मी लस घेऊन आलोच होतो म्हणून मलाही बसवलं. आम्हा दोघांत आरोपी कोण आणि साक्षीदार कोण, हे मला अखेरपर्यंत नीट कळलं नाही.

"सलोत्रीसाब, तुमी शिकलेले हाव," पाटील म्हणाले. "तुमीच सांगा. गेल्या साली मेंढरं बसली, वासरं मेली. औंदा बसली, औंदा बी मेली. अन् सगळ्यांची न्हाई मेली. ज्याच्या रानात बसली, त्याचीच मेली. आता आनखी काय पुरावा पाह्यजे?"

प्रामाणिकपणे सांगतो, पुरावा चांगला होता. मी मनात घरं मोजून पाहिली. एक-दोन घरं सोडली तर ज्यांनी मेंढरं बसवली त्यांच्याच गोठ्यातली वासरं गेली होती, आणि ज्यांनी बसवली नव्हती त्यांची बहुतेक शाबूत होती. आमच्या साहेबांपुढे हा हिशेब ठेवला असता तर त्यांनी त्यावर सही करून शिक्का मारला असता.

"पाटील, हा रोग जमिनीतून येतो," मी म्हणालो.

"असंल. पर जमिनीत घातला कुनी?"

हे विचारून ते सगळ्यांकडे बघत राहिले, आणि माना डोलल्या.

मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. मेंढरं बसवायला ज्वारी द्यावी लागते. ती कुणाजवळ असते? ज्याचं घर भरलेलं आहे त्याच्याजवळ. आणि ज्याचं घर भरलेलं, त्याच्याच दावणीला पेंड खाल्लेलं गुबगुबीत गोऱ्हं असतं. फऱ्याला नेमकी अशीच तरणी, भरल्या अंगाची जनावरं लागतात. गरिबाच्या हाडकुळ्या वासराकडे तो सहसा ढुंकून बघत नाही. म्हणजे मेंढरं बसली तीही भरल्या घरात आणि वासरं गेली तीही भरल्या घरात. मेंढरांनी वासरं मारली नाहीत, दोन्ही गोष्टी एकाच घरचा पत्ता विचारत आल्या.

मला वाटलं, फार सोपं करून सांगितलं. मागून एक जण म्हणाला, "म्हंजे जनावराला पोटभर घालनं बी आता गुन्हा झाला म्हना की." सगळा पार हसला. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तरी मी सोडलं नाही. गावात दोन घरं अशी होती की त्यांच्यावरून सगळा उलगडा व्हावा. एक गंगाबाई. बिचारी विधवा, दोन एकर रान, एक हाडाचा सापळा झालेली गाय आणि तसंच वासरू. भिवानं तिला बहीण मानलेली, म्हणून दर साली दोन रात्री तिच्या रानात तो फुकट मेंढरं बसवायचा. तिचं वासरू ठणठणीत होतं. दुसरे कुंडलिकराव. घर भरलेलं, पण हात आखडता. मेंढरांना ज्वारी देण्यापेक्षा रान उपाशी ठेवणारे. त्यांच्या रानात एक मेंढरू बसलं नव्हतं आणि त्यांचं खोंड फऱ्यानंच गेलं होतं.

"गंगाबाईचं कामून न्हाई मेलं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"ती येकली बाई हाय. तिला देव राखतो."

"आणि कुंडलिकरावांचं कसं मेलं?"

आता कुंडलिकराव स्वतःच बोलले. "मेंढरं माझ्या बांधावरून गेली न्हवं. मी डोळ्यानं बघितली."

ज्यांच्या बांधावरून मेंढरं गेली आणि वासरं जगली, त्यांचं काय, असं मी विचारलं. त्यांचं नशीब, असं उत्तर मिळालं. मानलं मी त्या पाराला. मेलं तर मेंढरामुळे, वाचलं तर देवामुळे, आणि मधे काही अडलंच तर बांधावरून. अशी बिनतोड मांडणी मी पुढे मोठमोठ्या परिषदांतसुद्धा क्वचितच ऐकली.

भिवा एका बाजूला उकिडवा बसून होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. शेवटी पाटलांनी ठराव सांगितला: पुढच्या सालापासून या शिवारात मेंढरं बसवायची नाहीत, धनगरानं शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही.

मी म्हणालो, "पाटील, माझं एक ऐका. पुढच्या साली पावसाच्या आधी येऊन मी गावातल्या झाडून सगळ्या वासरांना लस टोचतो. भिवामामाची मेंढरंही बसू द्या. मग एकही वासरू मेलं नाही, तर दोष मेंढरांचा नव्हता हे तुम्हालाच दिसेल."

लशीचं त्यांना पटलं. आदल्या दिवशी मी टोचलेल्यांपैकी बरीच जगली होती. पाटील थोडा विचार करून म्हणाले, "आसं करू. सुई बी मारा, अन् मेंढरं बी नगत."

"दोन्ही एकदम केलं तर रोग कशानं थांबला ते कळणार कसं?"

"थांबल्यावर कळून काय करायचंय?" पाटील म्हणाले.

  ज्याचं गोऱ्हं मेलंय त्याला ते वाचायला हवं असतं, ते कशानं वाचलं याची उठाठेव माझ्यासारख्यानं करायची. फक्त या खेपेला त्या उठाठेवीवर एका घरची भाकरी अवलंबून होती, आणि ते घर पाटलांचं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात लशीची पेटी घेऊन निघालो तर शिवेबाहेरच्या माळावर भिवाचा कळप दिसला. सवयीनं तो तिथवर आला होता आणि पुढे जाता येत नव्हतं म्हणून थांबला होता. मी सायकल उभी केली. कोंडाबाईनं पाणी दिलं आणि सरळ विषयालाच हात घातला.

"साहेब, औंदा आमी गावात न्हाई. आमी नसताना वासरं मेली, म्हंजी आमी सुटलो न्हवं?"

"सुटलात."

"मंग सुई मारू नगा."

मी पाणी पिता पिता थांबलो. सगळ्या पारावर जे मी कुणाच्या डोक्यात घालू शकलो नव्हतो, ते या बाईला बरोबर कळलं होतं, आणि कळून ती कुठे पोचली होती. तिचं काही चुकीचं नव्हतं. भिवाला निर्दोष ठरवण्याचा तोच एक रस्ता उरला होता. मी एक वर्ष आजारी पडायचं, पेटी घरीच राहायची, पाऊस पडायचा, फऱ्या यायचा, आणि मेंढरांशिवाय वासरं पटापट मरताना गावानं बघायचं. किंवा अर्ध्या वासरांना टोचायचं आणि अर्धी तशीच सोडायची. शास्त्राच्या दृष्टीनं ते अधिकच उत्तम. दोन्ही विचार माझ्या मनात येऊन गेले. कोंडाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

भिवा मेंढरांतून पुढे आला. "तुला काई कळायलंय का? मुक्या जनावराचं मरन मागायलीस व्हय?" तो बायकोला म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून, "तुमी जावा साहेब. मारा सुई. समद्यायला मारा. गंगाबाईच्या वासराला बी."

"पोरं काय खातील मंग? तुझी मुकी जनावरं?" कोंडाबाईनं विचारलं. भिवा परत मेंढरांत शिरला. मी सायकल काढली आणि गावात गेलो.

सगळ्या वासरांना टोचलं. मी ते काम मन लावून केलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पाऊस आला. फऱ्या आला नाही. शेजारच्या दोन गावांत वासरं मेली, या गावात एकही नाही. एवढं यश मला नोकरीत तोवर मिळालं नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी गावानं सत्कार ठेवला. पाटलांचा. त्यांनी मेंढरं हद्दपार करून गोधन राखलं म्हणून त्यांना फेटा बांधला. एका वक्त्यानं ठरावाचं महत्त्व समजावून सांगितलं. मलाही नारळ मिळाला, कारण त्या साली मला गावात मेलेलं जनावर बघायला यावं लागलं नाही, याचा सगळ्यांना आनंद झाला होता. मी उठून दोन शब्द बोललो. लस, जमीन, शेजारची दोन गावं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. बसताना कुंडलिकराव माझ्या कानाशी म्हणाले, "तुमी बी लय कष्ट घेतले साहेब. पर रोगाचं मूळच उपटलं पाटलानं." त्यांच्या आवाजात खरी माया होती. चिडायचीही सोय नव्हती.

पुढची दोन-तीन वर्षं मी टोचत गेलो आणि गाव मेंढरं अडवत गेलं. ठरावाची सिद्धी दर साली पक्की होत गेली. वालूरच्या बाजारात ही गोष्ट पसरली, आणि आजूबाजूच्या गावांनीही भिवाच्या कळपाला शिवेवर थांबवायला सुरुवात केली. इतर धनगरांच्या कळपांना नाही, फक्त भिवाच्या. कारण सिद्ध झालेला रोग त्याच्याच मेंढरांचा होता. दरम्यान लेंडीखत बंद झाल्यानं गावाची रानं उतरली, ज्वारीचं कणीस बारीक झालं. ते कशानं झालं, हे सांगायला मी मोकळाच होतो, पण मला कुणी विचारलं नाही. गावाला कारण सापडलं होतं. सलोत्र्यानं गुरांना सुया मारल्यापासून त्यांच्या शेणात दम राहिला नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

इथवर मी हे हसत सांगतो. लोकांना आवडतं. साहेबांच्या निवृत्तीच्या जेवणात मी हा किस्सा सांगितला तेव्हा साहेब स्वतः सगळ्यांत जास्त हसले. पुढचं मात्र तिथे सांगितलं नाही.

माझी बदली झाली. मधे बराच काळ गेला. एकदा जिंतूरकडे जायला देवगाव फाट्यावर मोटारीची वाट बघत थांबलो होतो. रस्त्याचं काम चाललं होतं, कडेला बाया-गडी खडी फोडत बसले होते. त्यांतल्या एकानं हातोडा खाली ठेवला आणि रामराम केला. भिवा होता. अंगानं निम्मा झाला होता. मेंढरं कधीच विकली, कोंडाबाई पलीकडच्या ढिगावर आहे, पोरं गुत्तेदाराकडे, म्हणजे ठेकेदाराकडे, कामाला आहेत, असं मी विचारल्यावर त्यानं सांगितलं. माझी बायकापोरं बरी आहेत का, हेही विचारलं.

माझ्याकडे वेळ होता आणि इतक्या वर्षांत साठलेलं सगळं होतं. मी त्याच्या शेजारी खाली बसलो आणि त्याला पहिल्यापासून समजावलं. मातीतला जंतू, पाऊस, भरल्या घरची वासरं, गंगाबाई, कुंडलिकराव, आणि शेवटी लस. तुमच्या मेंढरांचा केसाइतका दोष नव्हता मामा, असं मी म्हणालो.  पाराला पटलं नाही तरी ज्याच्यावर आळ आला त्याला तरी पटावं, एवढीच माझी इच्छा होती.

भिवानं सगळं ऐकलं. मधून मधून मान हलवली.

"तुमी सांगायलाव तर खरंच असंल," तो म्हणाला. "तुमचं आमच्यावर लय प्रेम. पर साहेब, मेंढरं होती तवर मरत होती, मेंढरं गेली अन् मरायची थांबली. मी बी बघितलंच की." त्यानं एक खडा उचलून ढिगावर टाकला. "आमाला ठावं न्हवतं. ठावं आसतं तर मीच बसवली नसती."

रस्त्याच्या खालच्या अंगाला, बाभळीला त्याची एक शेळी बांधलेली होती. तेवढंच जनावर त्याच्याकडे उरलं होतं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात फाट्याकडून गावाची गुरं घराकडे परतताना दिसली. भिवा बोलता बोलता उठला, घाईघाईनं खाली गेला, शेळीचा दोर सोडला आणि गुरं जवळ यायच्या आत तिला ओढत दूर माळावर घेऊन गेला.